‘मर्यादित’ या शब्दाने फसू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी वाढली की निफाडचा पारा किती घसरला, याची बातमी आपल्या दैनिकात येते आणि तिच्यासोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचे छायाचित्र असते. ती वाचण्याआधीच मला थंडी कळलेली असते. फ्रीजमधून काढलेली दुधाची पिशवी पातेल्यात रिकामी करेपर्यंत उजव्या हाताची तीन बोटे मधल्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब लागली की लाल होऊन ठणकू लागतात. मी निवृत्त शिक्षिका असून गेली अकरा वर्षे मला लिमिटेड, म्हणजे मर्यादित, स्क्लेरोडर्मा हा कातडी ताठ करणारा आजार आहे. संधिवातावर आपल्या आरोग्य पुरवणीत पुष्कळ लिहिले जाते, या आजारावर मात्र क्वचित, म्हणून हे पत्र.

बोटांचे हे रंग बदलणे फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनॉ यांनी 1862 मध्ये वर्णिले, त्यामुळे त्याला रेनॉ असेच म्हणतात. रेनॉ असलेल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र ती स्क्लेरोडर्माची पहिली खूण असते आणि लिमिटेड प्रकारात ही खूण बाकीच्या लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते. मला सहा वर्षे ‘अंगात रक्त कमी आहे’ आणि ‘थंडी बाधते’ एवढेच सांगितले गेले. पुढे बोटांची कातडी ताठ होऊन अंगठी निघेना, गालांवर बारीक लाल ठिपके उमटले आणि कोरडी पोळी छातीत अडकू लागली, तेव्हा कुठे एका संधिवाततज्ज्ञांनी नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहिल्या आणि रक्तातील एएनए व अँटिसेंट्रोमिअर या, स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या, चाचण्या करून घेतल्या. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊतींमध्ये कोलॅजेन हे चिवट प्रथिन साठत जाते, असे या आजाराचे स्वरूप आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो बराच जास्त आढळतो.

‘लिमिटेड’ या शब्दाने माझी फसगत झाली, तशी अनेकांची होत असावी. कातडी जाड होण्याची व्याप्ती कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खालचा भाग व चेहरा एवढीच असते, म्हणून तो मर्यादित. आतल्या अवयवांना अशी कोणतीही सीमा ठाऊक नसते. अन्ननलिकेची हालचाल मंदावते आणि साधारण दहा रुग्णांपैकी एकाला, बहुधा बऱ्याच वर्षांनी, फुप्फुसाच्या धमनीतील रक्तदाब वाढण्याचा त्रास होतो. त्याची पहिली खूण जिना चढताना लागणारी धाप असते आणि ती वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होणे फार सोपे आहे. म्हणून काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा हृदयाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुप्फुसांची कार्यक्षमता चाचणी करून घ्यावी लागते, आणि त्या चाचणीत प्राणवायू रक्तात किती सहज मिसळतो, हे मोजणारा भागही असावा लागतो.

हा आजार मुळापासून घालवणारे औषध आजतरी कोणत्याही शास्त्राकडे नाही. त्रास आटोक्यात ठेवणारी औषधे मात्र चांगली आहेत. रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी मला आधी निफेडिपिन होते. एका हिवाळ्यात बोटाच्या टोकाला जखम होऊन ती भरेना, तेव्हा सिल्डेनाफिलची भर पडली. हे औषध लोकांना व्हायग्रा या नावाने ठाऊक असल्याने साठीच्या बाईने चिठ्ठी पुढे करताच औषधाच्या दुकानातला मुलगा आधी चिठ्ठीकडे आणि मग माझ्याकडे पाहतो. आता मला त्याची गंमत वाटते. छातीतील जळजळीसाठी सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल, रात्रीचे जेवण सातच्या आत आणि पलंगाच्या उशाकडील पायांखाली दोन-दोन विटा. या विटांनी जितका आराम दिला, तितका फार थोड्या गोष्टींनी दिला असेल.

आता आयुर्वेदाविषयी. सध्या मी ज्या वैद्यांकडे जाते, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की या आजाराशी तंतोतंत जुळणारी एकच व्याधी ग्रंथांत नाही. वातरक्त (वात व रक्त बिघडून होणारे सांध्यांचे दुखणे) आणि त्वचागत वात (त्वचेतला वाताचा बिघाड) यांच्याशी त्याचे काही साम्य आहे आणि उपचार त्या अंगाने करता येतील. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटला. कोमट तिळतेलाचा अभ्यंग, त्यानंतर बोटांची सावकाश हालचाल, मऊ व थोडे थोडे जेवण आणि त्यात तूप, एवढ्याने सकाळी मूठ बरीच मिटते. वमन, म्हणजे औषध देऊन उलटी करवणे, त्यांनी ठामपणे नाकारले, कारण अन्ननलिका आधीच दुबळी आहे. बोटांवर जळवा लावण्यासही त्यांनी नकार दिला, कारण जिथे रक्तच नीट पोहोचत नाही तिथली जखम भरणार कशी? शेकसुद्धा बेतानेच घ्यायचा. बधिर बोटांना चटका कळत नाही, त्यामुळे पाणी आधी कोपराने पाहावे लागते.

त्यांच्याआधी एका उपचारकाने मला ‘इंग्रजी गोळ्या’ बंद करायला लावून बिननावाच्या पुड्या दिल्या होत्या. बोटावरची ती जखम त्याच हिवाळ्यातली. सांधे आठवडाभरात हलके झाल्याने मी खूश होते, पण त्या पुड्यांत काय होते हे आजतागायत मला कळलेले नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, आणि स्क्लेरोडर्मात स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने रक्तदाब एकाएकी भडकून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढतो. लिमिटेड प्रकारात हे क्वचित घडते, पण घडू शकते. बाजारात विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये आणि परवाना क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा जिच्यावर काहीच लिहिलेले नाही, ती पुडी न घेणेच बरे.

आणि वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडायला हवा. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. गुग्गुळाच्या अर्काने डिल्टियाझेमसारख्या रक्तदाबावरच्या औषधाचे रक्तातील प्रमाण कमी होते, असे मुंबईतील संशोधकांनी 1994 मध्ये दाखवून दिले होते. ज्यांना बोसेन्टान (फुप्फुसाच्या धमनीतील वाढलेल्या रक्तदाबावरचे औषध) चालू आहे, त्यांना यकृताची तपासणी नियमित करावी लागतेच. त्यात गुळवेलीची भर घालायची असेल तर दोन्ही डॉक्टरांना ते ठाऊक असले पाहिजे, कारण गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. माझी एक दोनशे पानी वही आहे. संधिवाततज्ज्ञ आणि वैद्य दोघेही तिच्यातच लिहितात. पहिल्या वेळी तज्ज्ञांनी वही पाहून भुवया उंचावल्या होत्या. आता ते वैद्यांचे पान आधी उघडतात.

एक गोष्ट दोघांनीही सारख्याच कडक शब्दांत सांगितली, ती तंबाखूची. आपल्याकडे अनेक बायका सकाळी मशेरी लावतात आणि तिला व्यसनात धरतच नाहीत, पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात ते मशेरीतूनही. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनही तेच करते, म्हणून सर्दीची गोळी मी कधीच आपल्या मनाने घेत नाही.

ज्या वाचकांची बोटे अशी पांढरी पडतात, त्यांना एक सुचवावेसे वाटते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटे पूर्ववत झालेली असतात आणि डॉक्टरांना दाखवायला हाती काहीच उरत नाही. बोटे पांढरी पडतील त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगावा. माझा पहिला फोटो माझ्या नातवाने काढला होता. त्यात मागे दुधाचे पातेलेही दिसते.

आपली,
एक वाचक, नाशिक