सवलतीतील खेळ आणि त्यामागचे कष्ट

महोदय,

गेले वर्षभर मी एकही व्हिडिओ गेम पूर्ण किमतीत घेतला नाही. स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेरीस लागणाऱ्या सेलची वाट पाहिली आणि तेव्हा जे परवडले तेच खेळलो. त्यांत सर्वांत जवळचा वाटला तो पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेला, २०२० साली आलेला ‘राजी’. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते, मधले काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दिसतात, आणि भिंतींवरील चित्रांपुढे तर मी कितीदा तरी लढाई विसरून थांबून राहिलो. तो अगदी अल्प किमतीत मिळाल्याचा आनंद झाला, पण त्यामागच्या कष्टांचे पुरते मोल आपण दिले नाही म्हणून मन खातही राहिले. एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ मध्ये आणलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळतानाही हेच झाले.

म्हणूनच पुण्यातील त्या चमूचा पुढचा खेळ मी सेलची वाट न पाहता घेणार आहे. आपणही रविवार पुरवणीत नाटक-चित्रपटांच्या परीक्षणांशेजारी अशा खेळांना नियमित जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक