अशिलांच्या पैशांचा हिशेब: सर्व वकील सभासदांसाठी सूचना

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, कुठेही वकिली करत असा, सर्व सभासदांना कळकळीची विनंती: अशिलाच्या पैशांची वही रोजच्या रोज लिहा. किती आले, कशावर खर्च झाले, फीपोटी किती वळते केले, सगळे तारखेसह. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम २५ हेच सांगतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकरकमी घेतलेल्या पैशांत. समजा २५,००० रुपये आले. त्यातले कोर्ट फी, नोटरी, नकलांचे किती आणि आपल्या फीचे किती, हे त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे. दावा चालू असताना खर्चाचे पैसे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत. तोंडी ‘चालेल हो’ पुरत नाही.

भूसंपादनाचा मोबदला किंवा इन्व्हेंटरीतला (म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेतला) वाटा तुमच्या हाती आला, तर अशिलाला लवकरात लवकर कळवा. वारसांपैकी कोणी दुबईत असतो, कोणी लंडनला. त्यांना फोनबरोबर ईमेलही करा. हिशेबाची नक्कल मागितली तर नकलेचा खर्च घेऊन द्यावीच लागते.

पैशाला हात लावला नसेल, पण वहीच नसेल, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे ते दाखवणार कशाने? वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली ताकीद, सनदेचे निलंबन किंवा थेट वकिलांच्या पटावरून नाव कमी, इथपर्यंत शिक्षा होते.

ज्येष्ठांनी नव्या ज्युनियरांना शेजारी बसवून वही दाखवावी. वही कारकुनाने लिहिली, तरी जबाबदारी वकिलाचीच.