‘सवय लागेल’ या भीतीने ऑक्सिजनची नळी काढू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या वडिलांना सीओपीडी होता, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. डॉक्टरांनी रोज कमीत कमी १५ तास लावायला सांगितलेलं पण बाबा जेमतेम चार-पाच तास लावायचे, जरा बरं वाटलं की नळी काढून ठेवायचे, आणि आम्हीही काही बोलायचो नाही कारण भेटायला येणारा प्रत्येकजण हेच सांगायचा की जास्त लावू नका, सवय लागेल. एक दिवस त्यांचे मोजे काढताना बघितलं तर घोट्यावर इलॅस्टिकचा वळ इतका खोल रुतलेला की बोट फिरवलं की खाच लागत होती, आणि तासाभराने बघितलं तरी तो तसाच. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि कळलं की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढलंय, हृदयाची उजवी बाजू मोठी झालीये. आजार फुफ्फुसाचा, मग हृदय कुठून आलं मध्येच? हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं, नंतर वाचून, डॉक्टरांना विचारून विचारून समजलं, म्हणून हे पत्र.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम म्हणतात त्याला. नुसतं अस्तर वाटतं पण सगळा कारभार तोच बघतो. वाहिनी सैल ठेवायला नायट्रिक ऑक्साइड बनवतो, आवळायला एंडोथेलिन बनवतो, रक्ताची गुठळी होऊ देत नाही आणि पाणी बाहेर झिरपू देत नाही. आता गंमत बघा, शरीरात बाकी ठिकाणी ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंद होतात, फुफ्फुसात मात्र त्या आवळतात. हे १९४६ मध्ये ऑयलर आणि लिल्येस्ट्रँड यांनी मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं. आणि त्यात शहाणपणच आहे, जिथे हवा पोचत नाही तिकडे रक्त पाठवून उपयोग काय, ते चांगल्या भागाकडे वळवायचं. पण आजार सगळ्या फुफ्फुसभर पसरलेला असला की सगळीकडच्याच वाहिन्या आवळतात, आणि महिनोन् महिने आवळलेल्याच राहतात.

ऑक्सिजन कमी पडलाय हे पेशीला कळतं कसं? ऑक्सिजन भरपूर असताना पेशी एचआयएफ नावाचं प्रोटीन तयार होईल तसं मोडून टाकते. कमी पडला की ते मोडलं जात नाही, साठतं आणि एकामागून एक जनुकं (जीन्स) चालू करत जातं. हे उलगडून दाखवणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्यात धुरामुळे किंवा वरचेवर होणाऱ्या इन्फेक्शनमुळे फुफ्फुसात सूज असेल तर अजूनच वाईट, कारण एंडोथेलियमच्या पेशी चिकट होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना येऊन चिकटतात, पेशींमधले सांधे ढिले पडतात, नायट्रिक ऑक्साइड घटतं आणि एंडोथेलिन वाढतं. कमी ऑक्सिजन सूज वाढवतो, आणि सुजेमुळे फुफ्फुसाचं काम बिघडून ऑक्सिजन आणखी कमी पडतो. हळूहळू वाहिनीच्या भिंतीतला स्नायू जाड होतो, आतली जागा अरुंद होते, आणि त्या अरुंद नळ्यांमधून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. पायावरची सूज तिथून येते. तोपर्यंत आपण वय झालं म्हणून दम लागतोय असंच धरून चालतो.

सवयीचं म्हणाल तर ऑक्सिजनची नशा लागत नाही. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की सीओपीडीच्या ज्या पेशंटांचा ऑक्सिजन फारच कमी होता त्यांच्यात रोज १५ तास ऑक्सिजन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. त्याआधी १९८० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे जास्त जगले होते. १५ हा आकडा डॉक्टर उगाच सांगत नाहीत. मात्र मशीनचा फ्लो स्वतःच्या मनाने वाढवू पण नका, सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, अशा पेशंटांना बऱ्याचदा सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्क्यांमध्येच ठेवायला सांगतात ते याच्यासाठी.

संपादक साहेब, आरोग्याच्या पानावर ऑक्सिमीटरबद्दल पुष्कळ येतं, पण या रक्तवाहिन्यांबद्दल मी क्वचितच वाचलंय. एखाद्या छातीच्या डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्याल का? दम वाढला, पाय सुजले, चालताना चक्कर आली तर इको करायचा का हे विचारायचं असतं, एवढं जरी छापून आलं तरी कुणाच्या तरी घरी वेळेत कळेल.

बाबा नळी का काढायचे हेही सांगतो. कानामागे ती घासून लाल व्हायचं, दुखायचं, आणि ते कधी बोलले नाहीत. शेवटी शेवटी आम्ही तिथे मऊ कापडाची घडी ठेवायला लागलो तर रात्रभर काढली नाही त्यांनी.

आपला एक वाचक