फरशीची परीक्षा आषाढात

कोल्हापूर
18 जुलै 2025

चि. मृणाल हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्कशॉपच्या खोलीचे फोटो मिळाले. जांभ्याचे चिरे, उत्तरेची खिडकी, सगळं झकास आहे. सावंतवाडीला दोन वर्षं दर रविवारी जाऊन लाखेची खेळणी कातायला शिकलीस आणि आता स्वतःचा लेथ, म्हणजे कातायचं मशीन, घेतेयस. मला आनंद झाला, पण फोनवर ते नीट बोलता आलं नाही. शिवाय फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणतेस आणि शेवटी करायचं तेच करतेस. म्हणून हे पत्र.

आधी फरशीचं. लेथ, टेबल, फळ्या उद्या हलवता येतील. फरशीवर एकदा मशीन बसलं की ती उकरायला कोणी धजत नाही.

तुला ते इपॉक्सी हवंय, जमिनीवर ओतून बसवायचा तो रसायनाचा थर, आरशासारखं, वर रंगीत ठिपके असलेलं. इपॉक्सीशी माझं वैर नाही. आमच्या टूलरूमला तेच होतं, तेल सांडलं की फडक्यानं पुसून घ्यायचं, काम संपलं. पण ती टूलरूम पहिल्या मजल्यावर होती. तुझी खोली जमिनीवर आहे, तीही कुडाळात, जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या घरांत कोब्याखाली, म्हणजे सिमेंटच्या जमिनीखाली, प्लॅस्टिकचा कागद घालायची पद्धतच नव्हती. जमिनीतली ओल कोब्यातून हळूहळू वर येते आणि हवेत उडून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. वरून इपॉक्सीचं झाकण घातलं की ती खालून रेटते. मग फोड येतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. कामगार एप्रिलमध्ये येतात तेव्हा जमीन पापडासारखी कोरडी असते. फोड येतात जुलैत, आणि तेव्हा फोन कोणी उचलत नाही.

म्हणून परीक्षा आत्ताच, आषाढात घे. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लॅस्टिक घे आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीनं कोब्यावर गच्च बसव. कुठून वारा जाता कामा नये. संध्याकाळी लाव, दुसऱ्या दिवशी बँकेतून आलीस की काढ. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा तेवढाच चौकोन काळपट पडला असेल, तर ओल जमिनीतली. थेंब वरच्या अंगाला असतील तर तो हवेतला दमटपणा, त्यात फरशीचा दोष नाही. एक भिंतीजवळ आणि एक मधोमध, असे दोन तुकडे लाव.

मग नाणं घे आणि गुडघे टेकून सगळ्या कोब्यावर टकटक करत फिर. भरीव असेल तर आवाज कणखर येतो, सुटला असेल तर मडक्यासारखा. आठ-दहा ठिकाणी मडकं वाजलं तर कोबा उकरायचाच. मुरूम ठोकून त्यावर 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद घालायचा, जोडाला सहा इंच एकावर एक घ्यायचा आणि वर नवा कोबा. एक सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या, म्हणजे तडा जायचा तर पट्टीच्या रेघेत जाईल.

घोटाई चालू असताना तू तिथं उभी राहा. वर पाणी सुटलं की गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि थापीनं घोटतो. झटपट सुकतं, चकाकतं, मालक खूष. पुढे चालता-चालता पिठी सुटायला लागते. तुझ्या आत्ताच्या कोब्याला जी धूळ सुटते म्हणतेस, ती बहुधा त्याच हुशारीची. पाणी आपोआप जिरेपर्यंत थांबायचं आणि मग घोटायचं. त्यानंतर दहा दिवस बारीक आळी करून पाणी तुंबवून ठेवायचं. पावसाळ्यात हे आपोआप होतं असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. छपराखाली पाऊस कुठला!

पण नाणं सगळीकडे कणखर वाजलं तर कोबा उकरू नकोस. मला मनातून हेच व्हावंसं वाटतंय, तुझे पैसे वाचतील. दिवाळीनंतर वरचा कच्चा थर घासून काढायचा, तडे भरायचे आणि सिलिकेटचं पातळ हार्डनर पाजायचं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून आतल्या आत घट्ट होतं, वर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे ओलीला वाट राहते. आरसा होणार नाही, पण धूळ थांबेल. रंग मात्र साधा राखाडीच राहू दे. ठिपक्यांच्या जमिनीवर ग्रब स्क्रू, तो बिनडोक्याचा बारीक स्क्रू, पडला की तो गेलाच समज. रांगत शोधताना डोळ्याला पाणी येतं.

शहाबादी टाकली तरी माझी ना नाही. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. फक्त तो चुनखडीचा दगड, बाथरूम धुवायचं ॲसिड त्याला लावलंस तर फसफसून खड्डे पडतील.

आणि ग्लेझ्ड टाइल? 1999 साली आपल्या गॅरेजमध्ये मी न्हाणीघरातून उरलेल्या टाइल बसवल्या होत्या, फुकटच्या म्हणून. पहिल्याच आठवड्यात हातोडा निसटला, दोन फुटल्या. मग एकदा मशीन थंड ठेवायचं ते दुधासारखं कूलंट सांडलं आणि मी कढईतल्या भज्यासारखा घसरलो. मनगट मोडलं. त्या प्लॅस्टरवर तू बॉलपेननं एकोणतीसचा पाढा लिहिलास, आणि चाचणीच्या दिवशी बाबांनी वर्गात येऊन बसावं असा हट्ट धरलास. आई अजून हसते. मनगट अजून पावसाळ्यात दुखतं.

आता बाकीचं. लेथचं सेंटर, म्हणजे लाकूड ज्या रेषेभोवती फिरतं ती, तुझ्या कोपराच्या उंचीला यायला हवं. विकणाऱ्यानं दिलेला स्टँड पुरुषाच्या मापाचा असतो, तू पाच फूट एक इंच, स्टँडचे पाय कापून घे. कामाचं टेबल हात सरळ खाली सोडल्यावर मनगट येतं तेवढं. व्हाइसचा, म्हणजे काम आवळून धरायच्या पकडीचा, जबडा मात्र पुन्हा कोपराला. लेथसमोर जाड रबरी मॅट टाक. कोब्यावर चार तास उभं राहिलं की टाचा बोलायला लागतात, आणि पटाशी पडली तर मॅटवर धार वाचते.

लेथवर ट्यूबलाइट एकटी ठेवू नकोस. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते, डोळ्याला ते कळत नाही. लाकूड धरणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या वेगानं फिरत असला तर सेकंदाला बरोबर पंचवीस फेरे होतात, दर मिणमिणीला एक जबडा दुसऱ्याच्या जागी येतो आणि चक थांबल्यासारखा दिसतो. थांबलेला समजून हात पुढे करणारा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मी त्याची कॉलर ओढली. स्वस्त एलईडीही असाच मिणमिणतो, तेव्हा जवळ एक न मिणमिणणारा दिवा हवाच. ओढणी खोलीच्या बाहेर खुंटीला, केस बांधलेले, आणि हातमोजे नाहीत. फिरत्या मशीनवर मोजा बोटासकट ओढला जातो.

प्लग टेबलाच्या वर घे, जमिनीलगत नको. 16 अँपिअरची वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. वायरमन म्हणेल, एवढ्याशा मोटरला कशाला. त्याला म्हणावं, कोकणात भिंतीलाही घाम येतो.

अळशीचं तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात, काडी लागत नाही. बाहेर दोरीवर पसरून वाळव. खाली ढलप्या आणि भुसा असणार, म्हणून हे दोनदा वाच.

फरशी होईपर्यंत लेथ लाकडी पाटांवर ठेव आणि उघड्या लोखंडाला तेलाचा हात फिरवत जा. माझा चार इंची व्हाइस तुला देतोय. दिवाळीनंतर एसटीनं घेऊन येईन, कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट मागितलं तरी देईन. आईनं कुळथाचं पीठ आणून ठेवायला सांगितलंय.

तुझे,
बाबा

ता. क. नाणं दहा रुपयांचं घे. नव्या एक रुपयाला आवाज नाही.