अण्णांच्या पावसाच्या तारखा

पुणे,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी पाठवलेला अण्णांच्या पर्जन्यनोंदींचा तक्ता कृपया कोणाला दाखवू नकोस, आणि दाखवला असशील तर तो चुकीचा असल्याचे त्यांना आजच कळव. चूक तुझ्या टंकलेखनात नाही, अण्णांच्या वह्यांत तर नाहीच; ती माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सगळ्या तारखा एका साच्यात आणणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये होती. उरलेल्या वह्या तू स्वतः टर्मिनलवर चालवणार आहेस, म्हणून ती कशी झाली आणि आता काय करायचे, हे सविस्तर लिहितो.

तक्ता पाठवून झाल्यावर मी सहज तो चाळत होतो, तेव्हा ७ डिसेंबर १९७६ या तारखेपुढे ११२ मिलिमीटर पाऊस दिसला. आपल्या गावी डिसेंबरात असा पाऊस पडला असता, तर अण्णांनी तो आयुष्यभर सांगितला असता. तू पाठवलेले त्या पानाचे छायाचित्र उघडले, तर तिथे त्यांच्या स्वच्छ अक्षरात १२/०७/१९७६ लिहिलेले होते. म्हणजे तो बारा जुलैचा, भर आषाढातला पाऊस होता.

लिनक्सवरच्या ‘डेट’ या कमांडला तिरप्या रेघांची तारीख दिली की ती अमेरिकन पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी वाचते. १२/०७ हा तिच्या लेखी सात डिसेंबर. दिवस बारापेक्षा मोठा असेल, तर तेवढ्या क्रमांकाचा महिनाच नसल्याने ती ‘अवैध तारीख’ असा संदेश देते. आणि हे संदेश पडद्यावर गर्दी करतात म्हणून मी ते सगळे डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेले सारे नाहीसे होते अशा जागी, टाकून दिले होते. हा माझा खरा अपराध. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांपैकी ७४ दिवसांच्या नोंदी त्यामुळे गळून गेल्या, ४४ दिवसांच्या दुसऱ्याच महिन्यात जाऊन पडल्या, आणि ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट, ९ सप्टेंबर असे चारच दिवस आपल्या जागी राहिले. गळालेल्या नोंदी निदान मोजता येतात. ज्या मुकाट्याने दुसऱ्या महिन्यात गेल्या, त्यांची मला अधिक भीती वाटते, कारण त्या तक्त्यात खऱ्या नोंदींसारख्याच दिसतात.

म्हणून आता मी तारीख ओळखण्याचे काम ‘डेट’वर सोडलेले नाही. वहीत तारीख कशी लिहिली आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मग ते आपणच सांगावे. त्यासाठी ‘ऑक’ वापरले. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली ही भाषा १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार झाली, आणि ओळ घ्यायची, तिचे रकाने पाडायचे, हवा तो रकाना बदलून ओळ पुन्हा लिहायची, या कामाला आजही मला तिच्याइतके सोयीचे काही सापडलेले नाही. तिरपी रेघ, आडवी रेघ, टिंब किंवा मोकळी जागा, जे असेल तिथे तारीख तोडायची. पहिला तुकडा दिवस, दुसरा महिना, तिसरा वर्ष. आणि मग चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस अशी ती पुन्हा जोडायची. १९७६-०७-१२ हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकाचा आहे. त्याचा मोठा लाभ असा, की अशा तारखा ‘सॉर्ट’ने निव्वळ मजकूर म्हणून लावल्या तरी कालक्रमानेच लागतात. हे तुकडे शेलच्या, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, अंकगणितात मात्र नेऊ नकोस: तिथे शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते, त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, आणि नेमके ऑगस्ट आणि सप्टेंबर हेच महिने अडतात. ऑकमध्ये ती अडचण येत नाही.

तोडण्याआधी आकडे बदलावे लागतात, कारण तू मराठी आकडे टाइप केले आहेस आणि वैदेहीने इंग्रजी. यासाठी ‘टीआर’ ही चिन्हे बदलणारी कमांड वापरू नकोस. ती एकेक बाइट बदलते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत मराठी अंक तीन बाइटांचा असतो. त्यामुळे नुसता चिखल होतो. ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडची ‘वाय’ ही आज्ञा पूर्ण अक्षर बदलते, मात्र लोकेल, म्हणजे संगणकाची भाषेची मांडणी, यूटीएफ-८ चे असायला हवे.

अक्षरांनी लिहिलेल्या महिन्यांनी माझी एक संपूर्ण संध्याकाळ घेतली. ‘ऑगस्ट’ हा शब्द शोधला तर वैदेहीच्या फाइलमधल्या निम्म्याच ओळी सापडत होत्या. उरलेल्या ओळींतही डोळ्यांना ऑगस्टच दिसत होता. शेवटी बाइट उलगडून पाहिले, तेव्हा कळले की काही ठिकाणी ‘ऑ’ हे एक सलग चिन्ह आहे आणि काही ठिकाणी ‘आ’ टाइप करून त्यावर वेगळी चंद्राची खूण दिलेली आहे. संगणकाच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारे युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. म्हणून सुरुवातीलाच सेडने ती जोडी बदलून एकच ‘ऑ’ केला. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ आपल्या स्क्रिप्टच्या माथ्यावर ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

वैदेहीने वर्षाचे दोनच अंक लिहिले आहेत, आणि अण्णांची पहिली वही जून १९६८ ची आहे. दोन अंकी वर्षाबद्दल युनिक्समधला संकेत असा, की ६९ ते ९९ म्हणजे विसावे शतक आणि ०० ते ६८ म्हणजे एकविसावे. त्यामुळे संकेतावर सोडले असते, तर अण्णांचा पहिला पावसाळा २०६८ साली पडला असता. ऑकमध्ये मी ६८ आणि त्यापुढच्या अंकांना १९ जोडतो, बाकीच्यांना २०.

पावसाचे खंड मोजण्यासाठी दोन तारखांमधले अंतर लागते, आणि ते तारखा सेकंदांत बदलून ८६,४०० ने भागले की मिळते. ही मोजणी १ जानेवारी १९७० पासून सुरू होते, म्हणून पहिल्या दीड वर्षाच्या नोंदींना ऋण संख्या येतील. त्याने बिघडत काही नाही. सावध राहायचे ते वेळेच्या पट्ट्याबद्दल. मी ज्या भाड्याच्या सर्व्हरवर काम करतो, त्याचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या मध्यरात्री तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तारीख आपल्या पट्ट्यात वाचली आणि यूटीसीत छापली, तर प्रत्येक नोंद एक दिवस मागे सरकते. अण्णा हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला माप घेत आणि ते त्याच दिवसाच्या तारखेला लिहीत. त्यांनी इतके काटेकोर पाळलेले आपण बिघडवू नये. वाचताना आणि छापताना दोन्ही वेळा यूटीसीच ठेव.

गॉक या ऑकच्या लिनक्सवरच्या आवृत्तीत तारखेचे सेकंद करणारे ‘एमकेटाइम’ आहे. त्याला ३१ जून दिला तर ते तक्रार न करता १ जुलै धरते. म्हणून सेकंदांवरून तारीख पुन्हा तयार करून मूळ तारखेशी ताडून पाहतो. जुळली नाही तर ती ओळ क्रमांकासह वेगळ्या फाइलमध्ये जाते. चांगल्या ओळी आणि वगळलेल्या ओळी यांची बेरीज मूळ ओळींइतकी भरल्याशिवाय मी पुढचे पाऊल टाकत नाही.

नवा तक्ता आणि स्क्रिप्ट सोबत पाठवत आहे. वगळलेल्या फाइलमध्ये सध्या ४१ ओळी आहेत. त्यातल्या बऱ्याचशा टाइप करतानाच्या असाव्यात, पण १९७९ सालच्या ‘३१ जून’पुढे ६४ मिलिमीटर लिहिले आहेत आणि ते छायाचित्रातही तसेच दिसते. मूळ वही तुझ्याकडेच आहे. त्या पानावर ३० जूनची नोंद आणि १ जुलैची नोंद स्वतंत्र आहे का, आणि शाई किंवा खाडाखोड काही सांगते का, हे उजेडात नीट पाहून मला कळव. तोपर्यंत ते ६४ मिलिमीटर मी कोणत्याच दिवसाला दिलेले नाहीत.

वहिनींना नमस्कार, वैदेहीला आशीर्वाद.

तुझा,
माधव