डब्यात डाळ्याचं पीठ ठेव

शारजा,
२९ जून

ती. आई आणि अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

वहिनी सांगत होत्या की आई अजूनही पहाटे नुसत्या चहावर रानात जाते आणि अकरा-साडेअकरापर्यंत पोटात काही नसतं. आई, फोनवर हा विषय काढला की तू पाऊसपाण्याचं विचारतेस, म्हणून लिहूनच पाठवतोय. सकाळी गॅसपाशी थांबायला तुला वेळ नसतो हे मला मान्य आहे. म्हणून जे शिजवावंच लागत नाही, ते सांगतो.

इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला सरकारची बंदी असते. त्यामुळे साइट लवकर सुरू होते आणि आम्ही अंधारातच खोली सोडतो. शेजारच्या खोलीत बिहारची, सिवानची माणसं आहेत. एवढ्या पहाटे कोण चपात्या लाटणार? ती सत्तू पिऊन निघतात. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. आपलं पंढरपुरी डाळं दळलं की जवळजवळ तेच. त्यांच्यात हरभरा गरम वाळूत भाजतात आणि थोडं टरफल पिठात आलं तरी चालतं, एवढाच फरक. आपल्या सातूच्या पिठात गहू असतो आणि ते आपण गूळ-दुधात गोड खातो. हे नुसतं हरभऱ्याचं, म्हणून तिखटामिठाशी जास्त जमतं.

करायचं असं. पेल्यात दोन मोठे चमचे पीठ घ्यायचं, आधी थोडंसंच पाणी घालून गुठळ्या मोडायच्या, मग पेला भरायचा. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू. सिवानवाले बारीक कांदा आणि हिरवी मिरचीही घालतात, पण पहाटे मला ते झेपत नाही. तुला ताकातलं आवडेल असं वाटतं. कालवलं की लगेच प्यायचं, ठेवलं तर ते फुगून घट्ट होतं. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण ३० ग्रॅम पीठ, त्यातून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, म्हणजे एका अंड्याएवढी. अंड्याला तू हात लावत नाहीस, म्हणून मुद्दाम हिशेब दिला. पहिले काही दिवस एकच चमचा घे, एकदम जास्त घेतलंस तर पोटात गुडगुड होईल आणि मग माझ्या नावानं खडे फोडशील. अण्णांच्या पेल्यात मीठ नको, त्यांचं बीपी आहे. लिंबू आणि जिऱ्यावर चव येते. आत्यालाही सांगशील, पण तिचा किडनीचा त्रास आहे, तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

प्यायला कंटाळा आला तर भाकरीबरोबर खा. या पिठात कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून घालायची, लोणच्याचा खार आणि कच्चं तेल घालून मळायचं. सिवानवाले यात मोहरीचं तेल, ओवा घालतात आणि हेच सारण कणकेच्या गोळ्यात भरून निखाऱ्यावर भाजतात. ती त्यांची लिट्टी. सोबत भाजलेल्या वांग्याचा चोखा, म्हणजे आपलं भरीतच. रविवारी ते करतात तेव्हा मला हाक मारतात. मी मात्र ते सारण ज्वारीच्या भाकरीवर घेतो, त्यांना त्याचं फार हसू येतं. (इथे ज्वारीचं पीठ मिळतं, पण मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी ती नव्हे.)

बाकी तुला मी काय शिकवणार? रश्शाला दाटपणा यायला तू डाळं वाटून घालतेसच. मेथीला किंवा ढोबळी मिरचीला बेसनाऐवजी हे पेरून बघ. बेसन कच्च्या डाळीचं, त्याला चांगली वाफ लागते. हे आधीच भाजलेलं, शेवटी भुरभुरलं की झालं. पोरांसाठी तुपात कालवून पिठीसाखर घालून लाडू वळायचे. ते शाळेतून आल्यावर बिस्किटांचा पुडा फोडतात, त्यापेक्षा हे बरं. वहिनींना हे माझ्या नावानं सांगू नकोस, त्यांना वाटेल परदेशातून हुकूम सोडतोय.

पीठ एकदम पायलीभर करून ठेवू नकोस. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि वास मारायला लागतं. पावशेर डाळं कोरड्या कढईत नुसतं गरम करून घ्यायचं, गार झालं की मिक्सरमधून काढायचं, चाळायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं. चमचा कोरडा हवा. चक्कीत देणार असशील तर आधी कुणाची हरभऱ्याची डाळ दळली होती का ते विचार. तसं असेल तर सुरुवातीचं दोन मुठी पीठ बाजूला काढून भज्यांना वापर, त्यात कच्चं बेसन आलेलं असतं आणि तुला तर हे न शिजवता प्यायचंय.

अण्णा, पेरणीसाठी पैसे सोमवारी टाकतो. बोअरची मोटर दुरुस्त झाली का ते कळवा. सुट्टीचा अर्ज दिलाय, दिवाळीचं अजून नक्की नाही.

तुमचा,
संतोष