फुटाळ्याचा भुट्टा आणि नारिंगी बुरशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आपल्या फुटाळा तलावावर भुट्ट्यांच्या शेगड्या पेटतात. दाणे खाऊन फेकलेल्या भुट्ट्यांवर दोन-तीन दिवसांत नारिंगी भुकटी दिसू लागते. "बाई, काळ्या बुरशीनंतर आता ही नवीन आली का हो?" असं शेजारणीनं परवा घाबरून विचारलं. २०२१ नंतर बुरशी म्हटलं की धसका बसतोच. पण ही म्युकरच्या कुळातली नव्हे. ही न्यूरोस्पोरा, भाजण्याच्या उष्णतेनं जिचे सुप्त बीजाणू जागे होतात ती. हिच्याच एका जातीवर काम करून बीडल आणि टॅटम यांनी १९४१ साली जनुकं आणि एन्झाइम यांचं नातं दाखवलं, त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं.

मला मात्र तिची दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. भुकटीतले दोन कण, म्हणजे बीजाणूच, जवळजवळ रुजले की त्यांचे कोंब एकमेकांकडे वळतात. एकाच्या टोकाशी मॅक-२ नावाचं प्रथिन जमतं, तेव्हा दुसऱ्याच्या टोकाशी सॉफ्ट नावाचं. काही मिनिटांत अदलाबदल होते, पुन्हा होते. जणू एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. शेवटी दोघांमधली भिंत विरघळते आणि आतला रस, केंद्रकंसुद्धा, इकडून तिकडे वाहू लागतात. सॉफ्टचं जनुक काढून टाकलं तर कोंब जुळत नाहीत, वाढही मंदावते. आणि जुळल्यावर ठरावीक जनुकं वेगळी निघाली, तर जोडलेला तेवढा भाग मरतो. परक्याला दारातच अडवणारी अशी निदान अकरा ठिकाणं तिच्या जनुकसंचात आहेत.

तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना मी मुलांना पेटीतली तीच रंगवलेली जुनी स्लाइड दाखवली, याची आज खंत वाटते. भाची बी.एस्सी.ला आहे, तिच्या कॉलेजातही तेच चाललंय. प्रथिनांची अदलाबदल पाहायला महागडी यंत्रं लागतात, पण बुरशीच्या धाग्यांमधले असे जुळलेले पूल साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. शहरातल्या प्राध्यापकांना विनंती आहे, यंदा प्रात्यक्षिकाला एक भुट्टा आणा. कण साखर घातलेल्या अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) पसरा, पाच-सहा तासांनी मुलांना बघू द्या. भुकटी फार उडते. बशी झाकून ठेवा, नाहीतर प्रयोगशाळेतल्या बाकीच्या बशाही नारिंगी होतील.

भुट्टे थोडेच आठवडे मिळतात, म्हणून आजच लिहिते आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर